नीलकंठ राहणार कुणाकडे

वाराणसी,
१२ जानेवारी २०२४

चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिताना हात अडखळला. पण कायद्याने अजून माझ्या भावाची बायको आहेस, म्हणून लिहिलं.

काल संपदाचा फोन आला. आईचा रक्तगट जुळला, आईचं स्कॅन छान आलं, आई बाबांना यकृत देणार, असं पोरगी एका दमात बोलून गेली. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. तुला लगेच फोन करणार होते, पण नको म्हटलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ सुटते, आणि तूही काही कमी नाहीस. मागचं बोलणं होऊन चार वर्षं झाली तरी माझे कान अजून गरम आहेत. कागदावर निदान खोडता येतं.

नीळूची तबियत तुला कळायला हवी. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. पोटात पाणी भरतं, दोनदा टोचून काढलं. मध्ये आठवडाभर माणसं ओळखेना, मलाच आई म्हणायला लागला. इथले डॉक्टर सांगतात, दारूने यकृत आक्रसून दगड झालंय, आता दवाईने सुधारणार नाही, बदलावंच लागेल. नाहीतर पुढचा जानेवारी दिसेल की नाही याची खात्री ते देत नाहीत. दारू नागपंचमीपासून पूर्ण बंद आहे, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते.

यकृत द्यायला पहिली मी गेले होते. त्यांनी वय विचारलं, साठ म्हटलं, तर नको म्हणाले. मी हटून बसले, सोनोग्राफी तरी करा. केली, तर यकृतावर चरबी. जन्मभर एकादश्या करणाऱ्या बाईच्या यकृतावर चरबी, आणि तू, संकष्टीला कांदाभजी तळून खाणारी, तुझं यकृत लखलखीत. देवाच्या घरचा न्याय बघून घेतला.

खरं लिहू? भाऊ वाचणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिला विचार आला तो असा, की आठ वर्षं त्याच्या ओकाऱ्या मी काढल्या आणि त्याच्या पोटात जाऊन बसणार तू. मला तुझा हेवा वाटतो. तो झाकून ठेवण्याइतकी मी शहाणी नाही.

पोरीचा हात धरून गेलीस ती पुन्हा दिवाळीलासुद्धा फिरकली नाहीस. आणि आता एकदम अर्धं यकृत? काय हवंय तुला?

पद्मा

*

पुणे,
२२ जानेवारी २०२४

वन्सं, नमस्कार.

‘सौ.’ लिहिलंत ते बरंच केलंत. इथल्या हॉस्पिटललाही तेवढंच हवं होतं. बायको म्हटलं की जवळची नातेवाईक, नाहीतर अवयवदानाच्या कमिटीने प्रश्न विचारून जीव खाल्ला असता.

चरबीचं म्हणाल तर उपासाची तुमची ती तुपात पोहणारी साबुदाण्याची खिचडी मी बारा वर्षं पाहिली आहे. देवाला मध्ये ओढू नका.

काय हवंय, तर काही नको. का देते आहे ते माझं मला राहू द्या.

डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट समजावलं, ते तुम्हालाही कळलेलं बरं. ते दोन अंदाज बांधतात. पहिला रक्तावरून. कावीळ किती, रक्त गोठायला किती वेळ लागतो, मूत्रपिंड कसं चाललंय, यावरून एक आकडा काढतात. आकडा जितका मोठा तितकी घाई. नीलकंठचा बराच मोठा आहे. तरी ऑपरेशन ते सोसतील असं डॉक्टरांना वाटतं. खरी काळजी दुसऱ्या अंदाजाची आहे. नवं यकृत मिळाल्यावर हा माणूस पुन्हा पिईल का? ते कुठल्या मशीनमध्ये दिसत नाही. म्हणून नीलकंठना विचारतात, घरच्यांना विचारतात, मधूनमधून न सांगता लघवी तपासायला मागतात. धडधाकट बाईचं पोट उघडून काढलेलं यकृत पुन्हा दारूत बुडणार असेल तर ते हात लावणार नाहीत. माझंही तेच म्हणणं आहे.

हेव्याची गोष्ट तुम्ही काढलीत, तर माझीही ऐका. लग्नाला आठवडा झाला नव्हता. मी आमटी केली. त्यांनी एक घास घेतला, वाटी तुमच्याकडे सरकवली आणि तुम्हाला मीठ बघायला सांगितलं. पुढे बारा वर्षं माझी प्रत्येक वाटी तुमच्याकडेच सरकत राहिली. शिकवायचे त्या कॉलेजात भांडण झालं, सांगायचे तुम्हाला. छातीत दुखलं, सांगायचे तुम्हाला. मला कळायचं ते तुमच्या दोघांच्या कुजबुजीतून. कालिंदी दारूमुळे सोडून गेली असं तुमच्या सगळ्या अमृतराव घाटावर बोलतात. दारू होतीच. पण नुसत्या दारूशी मी भांडले असते.

लॅबचा माणूस येईल तेव्हा नमुना द्या. रिपोर्ट इकडे पोचेल.

कालिंदी

*

पुणे,
१६ फेब्रुवारी २०२४

वन्सं,

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. रिपोर्टचं आलं.

नीलकंठच्या लघवीत दारूचा अंश सापडला. पुसट वगैरे नाही, चांगला ठळक. डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, की आजारी असताना, मरण दारात असताना जो थांबत नाही तो बरा झाल्यावर थांबेल असं आम्ही कशावरून म्हणायचं? मला तोंड वर करवेना. बँकेतून रजा घेऊन, नळ्यांत रक्त देऊन देऊन माझे हात काळेनिळे झालेत, आणि तुम्ही तिकडे छातीवर हात ठेवून नागपंचमीच्या शपथा घेताय.

माझ्या देखत तुम्ही त्यांना पाठीशी घातलंत, आता माझ्या माघारी. एकदा तरी खरं बोला. कोण आणून देतं?

कालिंदी

*

वाराणसी,
२२ फेब्रुवारी २०२४

कालिंदीस,

तुझं पत्र वाचलं, आणि नीळूला ऐकवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला, संध्याकाळपर्यंत पाणी प्यायला नाही. तुझ्या यकृताची ही तऱ्हा, की यायच्या आधीच माणूस मारतंय.

तो प्यायलेला नाही. मी त्याच्या उंबऱ्यात सतरंजी टाकून निजते. त्याचा पिणारा दोस्त गोपीनाथ, तो समोरच्या गल्लीतला, तबियत विचारायला म्हणून आला तर मी त्याला जिन्यातूनच वापस लावला. घरात येणारं सगळं माझ्या हातातून येतं. काय खातो ते ऐक. सकाळी दलिया. दुपारी लौकीची सब्जी, बिनमिठाची, पातळ डाळ, दोन फुलके. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर. नेमाने अर्धी अर्धी वाटी द्राक्षासव दोन्ही जेवणांनंतर, भूक लागावी म्हणून. तेही बाजारचं नाही. आमच्या बाबांच्या कृतीने मी स्वतः घालते, मनुका, गूळ, धायटीची फुलं, माठ गव्हात पुरून महिनाभर मुरवलेलं. त्यानेच त्याला चार घास जातात. बाकी दूध आणि ताक. यात दारू कुठे आहे ते तुझ्या डॉक्टरला विचार.

मला वाटतं मशीन तुमचं बिघडलंय. किंवा तुलाच आता माघार घ्यायची आहे आणि निमित्त हवंय. नाहीतर उलटं असेल. तो शुद्धीवर आला, माणसात आला, म्हणून तुला नवरा परत हवासा झालाय, आणि यकृत देऊन तू त्याला बांधून घेणार आहेस. इतकी वर्षं पिणारा होता तेव्हा माझा, आणि धुऊन पुसून झाल्यावर तुझा. असा हिशेब असेल तर तसं सांग.

पद्मा

*

पुणे,
१ मार्च २०२४

वन्सं,

पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. मग तेच पत्र घेऊन डॉक्टरांकडे गेले.

अहो, महिनाभर गुळात मुरलेल्या मनुका म्हणजे काय होतं? तुमचा तो माठ उघडला की शेजारची मोलकरीणसुद्धा नाक वर करायची. संपदाच्या वेळी बाळंतपणात मला तसलंच काहीतरी द्यायचात, दोन चमचे पोटात गेले की मी पोर मांडीवर घेऊन बसल्या बसल्या पेंगायचे. आसव म्हणजे दारूच असते, थोडी असली तरी. वैद्य चमच्याने देतात, तुम्ही वाटीने दिलंत. ते लघवीत उतरलं. आणि त्या यकृताला तेवढंही विषच आहे. आजपासून बंद. माठ रिकामा करा.

डॉक्टर मात्र म्हणाले, की असं त्यांनी याआधीही पाहिलं आहे. आता महिनाभरात तीनदा, कधीही, नमुना मागतील. तिन्ही कोरे आले तर फाईल पुन्हा उघडेल. नीलकंठना मी खोटं पाडलं त्याबद्दल त्यांना माझ्यातर्फे सांगा, की चुकले. तुम्हाला नाही म्हणत. तुमचं चुकलंच.

आणि नवरा हवाय म्हणून लिहिलंत, तर आता कारण सांगतेच. मला नीलकंठ नको आहेत. घरात नको, शेजारी नको, जेवायला पानावर नको. संपदा एकोणीस पूर्ण झाली त्या आठवड्यात माझ्या नकळत हॉस्पिटलात जाऊन नाव देऊन आली. बाबांना मी देणार म्हणून. तिचं पोट फाडू देण्यापेक्षा माझं फाडलेलं बरं, म्हणून मी माझी तपासणी करून घेतली. देवाने एवढंच ऐकलं की माझं जुळलं. झालं तुमचं समाधान?

तुम्ही हेवा करावा असं मला काही मिळत नाहीये, वन्सं. कापून घेणं मिळतंय.

कस्तुरी नावाची समुपदेशक आहे इथे, ती तुमच्याशी व्हिडिओवर बोलेल. ती विचारेल त्याची खरी उत्तरं द्या. दुसरा अंदाज तिच्याच हातात आहे.

कालिंदी

*

वाराणसी,
६ एप्रिल २०२४

चि. कालिंदीस आशीर्वाद.

माठ त्याच दिवशी नालीत ओतला. बाबांची कृती होती, वाईट वाटलं. पण नीळूपेक्षा माठ मोठा नाही. तिन्ही नमुने कोरे गेले हे तुला कळलंच असेल. होळीनंतर संपदा आली आणि बापाला घेऊन गेली. पोरीने किती सांभाळून नेलं त्याला. स्टेशनवर मला म्हणाली, आत्या, तू पण चल. मी म्हटलं, तुझ्या आईने बोलावलेलं नाही. तू खरंच बोलावलं नाहीस. ते मी लक्षात ठेवलंय.

संपदाचं कारण वाचलं आणि तुझ्याबद्दलचा एक काटा निघाला. बाकीचे आहेत.

त्या कस्तुरीचा फोन आला होता. किती गोड बोलते मुलगी. इतक्या वर्षांत मला कुणी असं शांतपणे विचारलंच नव्हतं की बाई, तुम्ही याचं कसं निभावलंत. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, भाऊ पिऊन पडला की उचलायचं कोण? मी. कॉलेजात कोण कळवायचं? मी. कधी ताप, कधी पाठ, कधी पाहुणे गेल्याचं सुतक. प्रिन्सिपलला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. अंथरूण, कपडे, सगळं मीच धुवायची, गल्लीत कुणाला वास लागायच्या आधी. मग तिने विचारलं, दारू घरात कशी यायची? तेही सांगितलं, खरं बोल म्हणाली होतीस ना. शास्त्र्यांच्या घरातला माणूस, संस्कृत शिकवणारा, दारूच्या ठेक्यावर रांगेत उभा दिसला तर मोहल्ल्यात आमचं काय राहिलं असतं? म्हणून मीच जायची, पार गोदौलियाच्या पलीकडे, जिथे मला कुणी ओळखत नाही. पिशवीत खाली बाटली, वर पालक. आणि मोजून द्यायची. बाहेर चार वाईट लोकांत बसण्यापेक्षा घरात, माझ्या डोळ्यांसमोर. वर गरम जेवण वाढायची.

ती सगळं लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, ऑपरेशननंतर ते कुणाकडे राहतील? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, माझ्याकडे. नीळूलाही विचारा, तो दुसरं काही सांगणार नाही.

मला वाटतं, तिला पटलं. इतकं करणारी बहीण तिने दुसरी कुठली पाहिली असेल?

पद्मा

*

पुणे,
१८ एप्रिल २०२४

वन्सं,

हे पत्र मी तीनदा फाडलं आणि पुन्हा लिहायला घेतलं.

काल त्या लोकांची बैठक झाली. नीलकंठचं रक्त, हृदय, फुप्फुसं, सगळं चालण्यासारखं आहे. माझं तर आहेच. अडलं ते एका गोष्टीवर. त्यांनी नीलकंठना विचारलं, बरे झाल्यावर राहणार कुणाकडे? ते म्हणाले, ताईकडे. कस्तुरीने पुन्हा विचारलं, दुसरीकडे राहावं लागलं तर? ते म्हणाले, मग ऑपरेशनच नको.

त्यांचा अंदाज असा, की हा माणूस बनारसला बहिणीकडे गेला तर वर्षाच्या आत पिईल. तसं असेल तर ते ऑपरेशन करणार नाहीत. मी तुमच्या बाजूने भांडले, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. कस्तुरी म्हणाली, “बहिणीचं प्रेम कमी नाहीये. त्या प्रेमाने त्यांना पिण्याची शिक्षा कधी भोगूच दिली नाही.” त्या लोकांच्या मते निदान दोन वर्षं नीलकंठनी अशा माणसाजवळ राहावं जो पाठीशी घालणार नाही. तसा माणूस त्यांना मीच दिसते. मी सोडून गेले होते ना, तीच माझी लायकी ठरली.

मला ते नको आहेत हे मी तुम्हाला लिहिलं आहे. तरी मी हो म्हणाले. माझ्या घरात नाही. आमच्याच इमारतीत खाली एक खोली रिकामी आहे, तिथे. जेवणाचा डबा माझा, नजर माझी आणि संपदाची. पण ते तयार नाहीत. आणि ते ऐकतात फक्त तुमचं.

आता माझं. दारू तुम्ही आणायचात? बारा वर्षं मी बाटल्या शोधून मोरीत ओतत होते. दुसऱ्या दिवशी नवी कुठून येते म्हणून वेडी व्हायची पाळी आली होती. मला वाटायचं, ह्यांचं माझ्यापेक्षा बाटलीवर प्रेम आहे. तेव्हा पालकाच्या जुड्या निवडत तुम्ही माझ्या समोर बसलेल्या असायचात.

इतकं सगळं होऊन, माझं पोट फाडून घ्यायला मी तयार असताना, तो माणूस मरण पत्करतो पण ताईच म्हणतो. हेवा काय असतो ते मला विचारा.

तुम्ही त्यांना फोन करा. पुण्यात राहा म्हणून सांगा. तुम्ही सांगितलं तरच होईल.

कालिंदी

*

वाराणसी,
२५ एप्रिल २०२४

कालिंदीस,

म्हणजे मी वैरीण ठरले. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला मी न्हाऊ घातलं, त्याच्यासाठी मी माझं लग्न पुढे पुढे ढकललं ते कायमचं. आणि व्हिडिओवर अर्धा तास बोललेली पोरगी ठरवणार की तो माझ्याजवळ मरेल आणि तुझ्याजवळ जगेल.

तू बाटल्या ओतायचीस हे मला माहीत होतं. ऐकायचंच आहे तर ऐक. तू ओतलीस, भांडलीस, दार लावून घेतलंस, की तो माझ्याकडे यायचा. माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून रडायचा. मग मी त्याला द्यायची. तो माझ्याकडे यायचा, आणि मला ते आवडायचं. आता दाखव हे पत्र तुझ्या कस्तुरीला.

मी त्याला काही सांगणार नाही. तो कुणाकडे जाणार ते त्याने सांगितलंय. दुसरं हॉस्पिटल बघा.

पद्मा

*

पुणे,
९ जून २०२४

वन्सं,

संपदाने तुम्हाला फोनवर कळवलं असेलच, तरी मी लिहिते. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. माझी जखम सुकते आहे, उठताना आणि खोकताना प्राण जातो. नीलकंठची कावीळ उतरली. डोळे पांढरे झालेत. डॉक्टर म्हणाले, नवं यकृत पहिल्या दिवसापासून कामाला लागलं.

भूल उतरल्यावर पहिला शब्द ‘ताई’ निघाला. मी दुसऱ्या खोलीत होते, संपदाने येऊन सांगितलं. माझं अर्धं यकृत पोटात आणि तोंडात तुम्ही. मला हसू आलं आणि टाक्यांतून कळ गेली. पण पुढचं ऐका. ताई म्हणाले, मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि तोंड फिरवून घेतलं. त्यानंतर तुमचं नाव काढलं नाही.

तुम्ही त्यांना फोनवर काय म्हणालात ते मला काल कळलं. मे लागला त्या दिवशी ते फोन ठेवून आले आणि कुठे राहू म्हणाल तिथे राहतो म्हणून डॉक्टरांना सांगून मोकळे झाले. मला वाटलं, तुम्ही प्रेमाने समजावलंत. काल ते संपदाला सांगत होते, ताई म्हणाली, “आता इकडे येऊ नकोस. तुझी खोली मी भाड्याने दिली. तुझं करून करून मी थकले, मला आता माझं जगू दे.” खोली खरंच दिलीत, बँकेत बदलून आलेलं नांदेडचं जोडपं तिथे राहतं, हे संपदाने खात्री करून घेतलं.

मी तुम्हाला त्यांचं मन वळवायला सांगितलं होतं. हाकलायला नाही. एप्रिलचं तुमचं पत्र माझ्याजवळ आहे, त्यात तुम्ही एवढ्या पेटलेल्या होतात, म्हणून मला शंका येते. तुम्हाला मिळत नाहीत तर मलाही धड मिळू नयेत, मोडके मिळावेत, असं काही मनात होतं का? तो माणूस दिवसभर खिडकीपाशी बसतो. डबा निमूट खातो. मीठ कमी की जास्त तेही सांगत नाही.

तसं नसेल तर मला सांगा. मी त्यांना समजावीन, की ताईने तुमच्याचसाठी केलं.

कालिंदी

*

वाराणसी,
१६ जून २०२४

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

जड उचलू नकोस. हसू तर मुळीच नकोस, टाके ओढले जातात.

तुझी शंका चुकीची आहे, पण अगदीच चुकीची नाही. तो तुझ्याकडे गेला याचं मला आजही दुःख आहे. संकठादेवीला जाते तेव्हा तिथेही हेच पुटपुटते, की भाऊ जगू दे, आणि त्याच दमात, की तिथे त्याचं मन रमू नये. देवी कंटाळली असेल. हेवा गेलेला नाही, जाईल असं वाटत नाही.

एप्रिलचं पत्र टाकून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी गोपीनाथ आला. मोठ्या आनंदात होता. पंडितजी बरे होऊन आले की आपण सगळे बसू, दीदी, थोडीच, खुशीची म्हणून, असं म्हणाला. मी त्याला हाकलला. दार लावलं, स्वयंपाकघरात गेले, आणि नीळू आल्यावर काय काय करायचं त्याचा विचार करू लागले. बिनमिठाचं वेगळं, पाणी उकळलेलं, गाद्या उन्हात टाकायच्या. आणि कधी फारच मागायला लागला, रडायला लागला, तर अगदी दोन घोट, गोपीनाथकडे जाण्यापेक्षा बरं, तेवढ्यासाठी एक लहान बाटली तांदळाच्या डब्यात मागे राहील. कालिंदी, मी खरोखर डबा काढून बाटली मावते का ते बघत होते. तुझं यकृत अजून तुझ्याच पोटात होतं, आणि मी जागा शोधत होते.

तशीच खाली बसले. त्या मुलीने अंदाज नीळूचा बांधला असं मला वाटलं होतं. तिने माझा बांधला होता, आणि तो खरा होता.

प्रेमाने समजावलं असतं तर तो राहिला असता का? दोन महिने राहिला असता, मग ताईची आठवण येते म्हणून निघून आला असता. मी ये म्हटलं नसतं तरी माझ्या आवाजात त्याला ते ऐकू आलं असतं. म्हणून आधी खोली दिली, त्या जोडप्याचं सामान लागलं, आणि मग फोन केला. खोली रिकामी असती तर माझ्याने ते बोलवलं नसतं. बोलताना त्याने दोनदा ताई ताई केलं. मी वाक्य पुरं केलं आणि फोन ठेवला.

तुझं यकृत तीन महिन्यांत भरून येतं म्हणतात. माझं तसं होणार नाही, पण ते तुझ्याकडे मागत नाही. एकच मागते. तो माझ्या नावाने बोटं मोडेल, ताईने टाकलं म्हणेल. ऐकून घे. माझी बाजू घेऊ नकोस. संपदालाही सांग.

आणि त्याला खरं कधीही सांगू नकोस. कळलं तर तो पहिल्या गाडीने इथे येईल, आणि मी त्याला परत पाठवू शकणार नाही.

पद्मा